ळ असलेलं शहर

बेंगळूरुच्या कुठल्याही दर्शिनीत सकाळी साडेआठच्या सुमारास पाय ठेवायला जागा नसते. दर्शिनी म्हणजे उभ्यानं खायचं, स्वच्छ आणि परवडणारं उपाहारगृह. १९८०च्या दशकात ही पद्धत या शहरात रुजली आणि आता तिच्याशिवाय इथली सकाळ होत नाही. कोल्हापूरहून किंवा लातूरहून चार दिवसांपूर्वी नोकरीसाठी आलेला एखादा मुलगा या गर्दीत फळ्याकडे बघत उभा असतो. फळा कन्नडमध्ये, आजूबाजूची बोलणी कन्नडमध्ये. तेवढ्यात काउंटरवरून आत हाक जाते, "वांगीबात, एरडु!" आणि मुलाचे कान टवकारतात. एरडु म्हणजे दोन, हे त्याला अजून माहीत नसतं. पण वांगी?

वांग्याला कन्नडमध्ये बदनेकाई म्हणतात. बाजारात वांगी मागायची तर बदनेकाईच मागावी लागते. तरी भाताचं नाव वांगीबात, आणि ते सगळ्या जुन्या म्हैसूर प्रांतात चालतं. त्या भाताच्या मसाल्यात लवंगेपेक्षा मोठी, काळपट रंगाची एक कळी घालतात. तिचं कन्नड नाव 'मराठी मोग्गु'. मोग्गु म्हणजे कळी. ही मराठी कळी आज महाराष्ट्रातल्या फार थोड्या स्वयंपाकघरांत सापडेल, पण बेंगळूरुच्या किराणा दुकानात ती पुडीत बांधून मिळते.

राज्य बदलून राहायला जाणं हे आपल्या देशात देश बदलण्याइतकंच मोठं काम असतं. भाषा, लिपी, पाणी, शाळा, गाडीची पाटी, सगळंच बदलतं. पासपोर्ट लागत नाही, एवढाच फरक. त्यात बेंगळूरु म्हणजे बाहेरून आलेल्यांचंच शहर, अशी एक समजूत पसरलेली आहे. २०११च्या जनगणनेत बेंगळूरु शहर जिल्ह्याची लोकसंख्या ९६ लाखांवर होती आणि त्यात कन्नड ही मातृभाषा सांगणारे निम्म्याहून कमी होते. तमिळ, तेलुगू, उर्दू बोलणारे मोठ्या संख्येनं होते आणि मराठी मातृभाषा सांगणारे दोन टक्क्यांच्या आसपास. या आकड्यांवरून अनेक जण निष्कर्ष काढतात की इथं कन्नडवाचून अडत नाही. हा निष्कर्ष चुकीचा आहे. मराठी माणसाच्या बाबतीत तर तो जास्तच चुकीचा आहे, कारण या शहरात मराठी माणसाची पावलं पावणेचारशे वर्षांहून जुनी आहेत आणि त्या सगळ्या काळाचा अनुभव उलट सांगतो.

केंपेगौडांनी १५३७मध्ये बेंगळूरु वसवलं. त्यानंतर शंभर वर्षांनी, १६३८मध्ये, विजापूरच्या आदिलशाही फौजेनं ते जिंकलं. रणदुल्लाखान या मोहिमेचा सेनापती होता आणि त्याच्याबरोबर होते शहाजीराजे भोसले. बेंगळूरु शहाजीराजांना जहागीर म्हणून मिळालं आणि त्यांनी ते आपलं मुख्य ठाणं केलं. १६४०च्या सुमारास जिजाबाई आणि बालशिवाजी इथं येऊन राहिले आणि काही काळानं पुण्याला परतले. शहाजीराजांचा उरलेला संसार मात्र कर्नाटकातच झाला. १६६४मध्ये शिकारीच्या वेळी घोड्यावरून पडून त्यांचा मृत्यू झाला, तोही होदिगेरे इथं, आजच्या दावणगेरे जिल्ह्यात. त्यांची समाधी तिथंच आहे.

त्यांच्या दरबारातला कवी जयराम पिंड्ये याचा 'राधामाधवविलासचंपू' हा ग्रंथ पुढं इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी संपादून प्रसिद्ध केला. मूळ संस्कृत काव्याच्या शेवटच्या भागात जयरामानं आपल्या काळातल्या अनेक भाषांतले श्लोक दिले आहेत. बेंगळूरुच्या मराठी दरबारात किती भाषांना मुजऱ्याची जागा होती, हे त्यावरून कळतं. आज इथल्या एखाद्या कचेरीत जेवणाच्या सुट्टीत पाच भाषा ऐकू येतात, त्याचं नवल वाटण्याचं कारण नाही.

शहाजीराजांचे पुत्र व्यंकोजी उर्फ एकोजी यांनी बांधलेलं काडु मल्लेश्वराचं देऊळ मल्लेश्वरममध्ये उभं आहे. काडु म्हणजे रान. त्या वेळी तिथं खरोखरच रान होतं आणि या देवावरूनच पुढं त्या भागाला मल्लेश्वरम हे नाव पडलं. १६६९चा शिलालेख या देवळाच्या दानाची साक्ष देतो. एकोजी पुढं तंजावरला गेले. बेंगळूरु सांभाळणं त्यांना अवघड झालं आणि म्हैसूरच्या चिक्कदेवराजांशी तीन लाख रुपयांना सौदा ठरला. मधल्या मध्ये १६८७मध्ये मोगल सरदार कासिमखानानं शहर घेतलं, पण अखेर ते म्हैसूरकडेच गेलं. मराठी सत्ता संपली. मराठी माणसं राहिली.

ती कुठं राहिली, हे शोधायला जुन्या 'पेटे'त जावं लागतं. चिक्कपेटे, बळेपेटे, अक्किपेटे ही नावं ऐकून पुणेकराला सदाशिव आणि बुधवार आठवल्याशिवाय राहत नाहीत. पेटे म्हणजे आपली पेठ. बळे म्हणजे बांगडी आणि अक्कि म्हणजे तांदूळ. याच गल्ल्यांतून भावसार क्षत्रिय म्हणजे शिंपी-रंगारी समाज पिढ्यान्‌पिढ्या नांदतो आहे. त्यांची विठ्ठलमंदिरं आहेत, आषाढी-कार्तिकी आहे, घरातली बोली मराठी आहे. ती मराठी पुण्या-मुंबईच्या माणसाला कानाला वेगळी लागते, कारण तिच्यात जुन्या मराठीचे आणि कन्नडचे धागे एकत्र विणलेले आहेत. अनेक घरांत मराठी बोलता येते, पण लिहिताना हात कन्नड लिपीकडे जातो.

मॅजेस्टिकजवळच्या आनंदराव सर्कलमधून रोज हजारो लोक जातात. हे सर्कल टी. आनंद राव यांच्या नावाचं आहे. ते १९०९ ते १९१२ या काळात म्हैसूर संस्थानचे दिवाण होते. त्यांचे वडील सर टी. माधवराव हे त्रावणकोर, इंदूर आणि बडोदा या तीन संस्थानांचे दिवाण. घराणं तंजावरकडचं, मराठी. एकाच घराण्यातल्या दोन पिढ्यांनी चार संस्थानांत कारभार केला, तोही प्रत्येक ठिकाणची भाषा आणि रीत समजून घेऊन. बदलीच्या नोकरीचा याहून मोठा धडा कुठला असेल?

इतिहासाचा हा आधार पाठीशी असला तरी सामानाचा टेम्पो दारात उभा राहिल्यावर गाठ पडते ती वर्तमानाशी. पुण्याहून राष्ट्रीय महामार्ग ४८नं निघालं की सातारा, कोल्हापूर, बेळगाव, हुबळी, दावणगेरे, तुमकूर असं करत सुमारे ८४० किलोमीटरनं बेंगळूरु येतं. रेल्वेनं यायचं तर मुंबईहून पुणे-सोलापूरमार्गे येणारी उद्यान एक्स्प्रेस आहे. प्रवास अंगवळणी पडायला वेळ लागत नाही. वेळ लागतो पत्ता समजायला. इथल्या वस्त्यांना 'लेआउट' म्हणतात आणि पत्त्यात 'मेन' व 'क्रॉस' असतात. सर्वसाधारणपणे एका दिशेनं जाणारे रस्ते मेन आणि त्यांना छेदणारे क्रॉस. पण दर ब्लॉकमध्ये मोजणी पुन्हा सुरू होते. त्यामुळं नुसतं 'सातवा क्रॉस' एवढं सांगून भागत नाही. कुठल्या ब्लॉकमधला, कुठल्या मेनला लागून, हे सांगितलं नाही तर गॅसवाला भलत्याच दारात जातो.

घर शोधताना पहिला धक्का अनामत रकमेचा बसतो. दहा महिन्यांच्या भाड्याइतकं 'अॅडव्हान्स' मागण्याची इथली जुनी रीत आहे. केंद्राच्या २०२१च्या आदर्श भाडेकरू कायद्यात राहत्या घरासाठी दोन महिन्यांची मर्यादा सुचवलेली आहे, पण तो नमुना कायदा आहे आणि भाडं हा राज्यांचा विषय. अलीकडं अनेक मालक पाच-सहा महिन्यांवर तयार होतात, मात्र त्यासाठी बोलणी करावी लागतात. घर सोडताना रंगकामापोटी महिन्याचं भाडं कापून घेण्याचीही प्रथा आहे. ती करारात लिहिली आहे का, हे सही करण्यापूर्वी वाचावं. 'लीज' किंवा 'भोग्य' या नावाचा आणखी एक प्रकार दिसतो. त्यात मालकाला एकदम मोठी रक्कम द्यायची, दरमहा भाडं नाही, आणि मुदत संपली की रक्कम परत. भोग्य हा शब्द मराठी माणसाला चटकन कळतो. जोखीमही कळायला हवी. घरावर आधीच कर्ज असेल तर एवढी मोठी रक्कम अडकू शकते, म्हणून कागदपत्रं वकिलाला दाखवल्याशिवाय या वाटेला जाऊ नये.

दुसरा प्रश्न पाण्याचा, आणि तो भाड्यापेक्षाही आधी विचारावा: "कावेरी की बोअर?" बेंगळूरु समुद्रसपाटीपासून ९०० मीटरहून उंच पठारावर आहे आणि त्याच्या उशाला मोठी नदी नाही. कावेरीचं पाणी सुमारे शंभर किलोमीटरवरून, वर चढवत आणावं लागतं. २०२४च्या उन्हाळ्यात बोअर आटले आणि अनेक वसाहती टँकरवर आल्या, तेव्हा हा प्रश्न देशभर गाजला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कावेरी योजनेचा पाचवा टप्पा सुरू झाला. नंतर शहरात सामील झालेल्या ११० गावांसाठी दिवसाला ७७५ दशलक्ष लिटर पाणी देण्याची त्याची क्षमता आहे. तरी प्रत्येक इमारतीपर्यंत नळ पोचला आहे का, हे तिथल्या रहिवाशालाच विचारलेलं बरं.

गाडीचं प्रकरण मात्र अनेकांना महागात पडतं. मोटार वाहन कायद्यानुसार दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून जास्त काळ ठेवलेल्या गाडीची नव्यानं नोंदणी करावी लागते. त्यासाठी मूळ आरटीओचा ना हरकत दाखला लागतो. गाडीवर कर्ज असेल तर बँकेचाही. कर्नाटकाचा आयुष्यभराचा वाहनकर देशातल्या चढ्या करांपैकी आहे. महाराष्ट्रात भरलेल्या कराचा उरलेल्या वर्षांचा भाग परत मागता येतो, पण त्याचा पाठपुरावा करावा लागतो आणि पुष्कळ लोक तो कंटाळून सोडून देतात. ज्यांची नोकरी बदलीची आहे त्यांच्यासाठी केंद्रानं सप्टेंबर २०२१पासून 'बीएच' मालिकेची नोंदणी सुरू केली. केंद्र-राज्य सरकारी कर्मचारी आणि चार किंवा अधिक राज्यांत कार्यालयं असलेल्या खाजगी कंपन्यांचे कर्मचारी ती घेऊ शकतात.

पत्ता बदलण्याचे फायदेही आहेत आणि ते नवख्यांना माहीत नसतात. जून २०२३पासून कर्नाटकात 'शक्ती' योजनेखाली राज्यात राहणाऱ्या महिलांना सरकारी साध्या बसमधून फुकट प्रवास करता येतो. त्यासाठी कर्नाटकातला पत्ता असलेलं ओळखपत्र लागतं. घरगुती विजेच्या 'गृहज्योती' सवलतीत भाडेकरूही येतात. मतदार यादीतलं नाव हलवण्यासाठी 'नमुना ८' हा एकच अर्ज पुरतो. कित्येक लोक दहा दहा वर्षं इथं राहून मत मात्र गावाकडंच ठेवतात आणि मग रस्त्यावरच्या खड्ड्यांबद्दल तक्रार करतात. हे बरोबर नाही. जिथं आपलं पाणी, कचरा आणि मुलांची शाळा आहे, तिथल्या नगरसेवकाला आपलं मत माहीत असायला हवं.

पण कागदपत्रं हा या गोष्टीचा सोपा भाग. त्यांना शुल्क आहे, रांग आहे, शेवट आहे. शेजाऱ्याशी बोलण्याला यातलं काहीच नाही.

कन्नड ही द्राविडी कुळातली आणि मराठी आर्य कुळातली, असं शाळेत शिकवतात. ते खरंच आहे. पण या दोन भाषा हजारभर वर्षं एका भिंतीला भिंत लावून राहिल्या आहेत. तूप हे कन्नडमध्ये तुप्प. चेंडू हा चेंडु. कोशिंबीर ही कोसंबरि. कोल्हापूर-सांगलीकडं 'हुडकणे' म्हणतात, तर कन्नडमध्ये शोधण्याला हुडुकु. अण्णा, अप्पा, अक्का तर दोन्हीकडं एकच. ताई म्हटलं की मात्र जपावं, कारण कन्नडमध्ये तायि म्हणजे आई. अवसर म्हणजे तिकडं घाई आणि अनुमान म्हणजे संशय. हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण असलं तरी मराठीतली शिक्षा आणि कन्नडमधली शिक्षे या दोन्हींत दंडच होतो.

शब्दांपेक्षाही वाक्यांची जवळीक मोठी आहे. मराठी माणूस म्हणतो, "मला कन्नड येतं." कन्नडमध्ये म्हणतात, "ननगे कन्नड बरुत्ते." ननगे म्हणजे मला आणि बरुत्ते म्हणजे येतं. भाषा माणसाकडं चालत येते, ही कल्पना दोघांचीही एकच आहे. शब्दाच्या जागी शब्द ठेवत गेलं तरी वाक्य सहसा मोडत नाही. कर्ता आधी, कर्म मधे, क्रियापद शेवटी. भेटल्यावर "ऊट आय्ता?" म्हणजे "जेवण झालं का?" असं विचारण्याची रीतही तीच. 'बेकु' म्हणजे हवं, 'बेड' म्हणजे नको, 'साकु' म्हणजे पुरे. या तीन शब्दांवर पहिला आठवडा निघतो. मोठ्यांना 'बा' न म्हणता 'बन्नि' म्हणायचं, म्हणजे 'ये' न म्हणता 'या' म्हणायचं. हे तर मराठी घरात वाढलेल्याला सांगावंही लागत नाही. आणि कुणी भराभर बोलू लागलं की हसून "कन्नड स्वल्प स्वल्प बरुत्ते" एवढं म्हणावं, थोडं थोडं येतं. रिक्षावाल्यापासून बँकेतल्या कारकुनापर्यंत समोरच्याचा चेहरा त्या एका वाक्यानं बदलतो.

गेल्या काही वर्षांत या शहरात भाषेवरून तंटे झाले, त्यांच्या चित्रफिती घराघरांत पोचल्या. दुकानांच्या पाट्यांवर साठ टक्के मजकूर कन्नडमध्ये हवा, असा कायदा २०२४मध्ये झाला. शाळांमध्ये कन्नड शिकवणं २०१५च्या कायद्यानं सक्तीचं केलं आणि त्याची टप्प्याटप्प्यानं अंमलबजावणी २०१७-१८पासून सुरू झाली. यावर नाक मुरडणाऱ्या मराठी माणसानं थोडा विचार करावा. महाराष्ट्रानं २०२२मध्ये सर्व दुकानांवर मराठी पाट्या सक्तीच्या केल्या आणि २०२३मध्ये सर्वोच्च न्यायालयानं व्यापाऱ्यांना त्या लावायला सांगितलं, तेव्हा आपल्याला आनंद झाला होता. मुंबईत जे आपण मागतो, तेच बेंगळूरुत कन्नड माणूस मागतो आहे. दोन्ही मागण्या एकाच वेदनेतून आल्या आहेत. मारहाण आणि शिवीगाळ कुठंही झाली तरी चूकच, पण भाषेची मागणी त्यामुळं चूक ठरत नाही. सीमाभागाचा प्रश्न वेगळा आहे आणि जुना आहे. तो मनात धरून बेंगळूरुतल्या शेजाऱ्याकडं संशयानं बघण्यात काहीच हशील नाही.

या शहरात येऊन झगडून राहिलेल्या मराठी माणसांत एक नाव सगळ्यांच्या आधी घ्यायला हवं. कमला भागवत, पुढच्या कमला सोहोनी. दुर्गा भागवतांची धाकटी बहीण. मुंबई विद्यापीठाची पदवी पहिल्या क्रमांकानं मिळवून १९३३मध्ये त्यांनी बेंगळूरुच्या टाटा इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आजच्या भारतीय विज्ञान संस्थेत, संशोधनासाठी अर्ज केला. त्यांचे वडील आणि काका याच संस्थेत शिकलेले. तरी अर्ज नाकारला गेला, कारण त्या मुलगी होत्या. संस्थेचे संचालक होते नोबेलविजेते सी. व्ही. रामन. कमलाबाई थेट बेंगळूरुला गेल्या, रामन यांच्यापुढं उभ्या राहिल्या आणि प्रवेश मिळेपर्यंत हटल्या नाहीत. शेवटी एक वर्ष परीक्षेवर, अटी घालून त्यांना घेतलं. एम. श्रीनिवासय्या यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी दुधातल्या आणि कडधान्यांतल्या प्रथिनांवर काम केलं आणि १९३६मध्ये एम.एस्सी. मिळवली. त्यांचं काम पाहून संस्थेची दारं इतर मुलींनाही उघडली. पुढं केंब्रिजला जाऊन १९३९मध्ये त्यांनी डॉक्टरेट घेतली. विज्ञानात हे यश मिळवणाऱ्या पहिल्या काही भारतीय स्त्रियांत त्यांची गणना होते.

बावीस वर्षांची मुलगी, परका प्रांत, आणि ज्या संस्थेसाठी आली तिथंच नको असलेली. आज इलेक्ट्रॉनिक सिटीत पीजीमध्ये राहून घरच्या जेवणाच्या आठवणीनं हळवी होणाऱ्या मुलींना ही हकिगत कुणी तरी सांगायला हवी.

उद्योगाच्या वाटेनंही मराठी मुलूख आणि बेंगळूरु बांधले गेले. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी म्हैसूर संस्थानच्या मदतीनं १९४०मध्ये इथं विमानाचा कारखाना काढला. तो म्हणजे आजचं एचएएल. १९४६मध्ये किर्लोस्कर घराण्यानं इथं किर्लोस्कर इलेक्ट्रिक सुरू केली. आणि १९८१मध्ये पुण्यात दहा हजार रुपयांच्या भांडवलावर निघालेली इन्फोसिस १९८३मध्ये बेंगळूरुला गेली. आज हजारो मराठी मुलं ज्या वाटेनं येतात, त्या वाटेनं आधी एक कंपनीच पुण्याहून बिऱ्हाड हलवून आली होती.

दुसरी एक वाट फारशी चर्चेत नसते. सांगली जिल्ह्यातले खानापूर, आटपाडी आणि साताऱ्याचे माण, खटाव हे पाऊस कमी पडणारे तालुके. इथली माणसं गलाईच्या धंद्यात शिरली आणि देशभर पसरली. गलाई म्हणजे जुने दागिने, सराफाच्या दुकानातली माती, जरीची लुगडी यांतून सोनं-चांदी गाळून शुद्ध करणं. भट्टीची धग आणि तेजाबाची वाफ यांत दिवसभर राबायचं काम. दक्षिणेतल्या सराफ बाजारांत, बेंगळूरुच्या जुन्या पेटांतही, सांगली-साताऱ्याकडची ही माणसं भेटतात. त्यांच्यापाशी संगणकाची पदवी नव्हती की कंपनीनं दिलेलं घर नव्हतं. मामानं भाच्याला आणलं, भाच्यानं चुलतभावाला. दुकानात गिऱ्हाइकाशी कन्नड, भट्टीपाशी खानापुरी मराठी, आणि जत्रेला गावी. त्यांची मुलं कन्नड शाळांत शिकली. भाषा शिकण्याचा वर्ग त्यांनी कधी लावला नाही. पोटासाठी शिकले आणि चांगलं शिकले.

या शहरानं मराठी घरांतून जी मोठी माणसं दिली, ती सगळी अशीच दोन-तीन भाषांत वाढलेली आहेत. १९५०मध्ये बेंगळूरुत एका मराठी पोलीस शिपायाच्या घरी जन्मलेला शिवाजीराव गायकवाड कन्नड शाळेत शिकला, शहराच्या बसमध्ये कंडक्टर झाला, मद्रासला जाऊन तमिळ शिकला आणि रजनीकांत झाला. राहुल द्रविड यांचा जन्म इंदूरचा, घर मराठी आणि मैदान बेंगळूरुचं. कर्नाटक त्यांना आपलं मानतं आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. शहराबाहेरही हेच दिसतं. धारवाडचे द. रा. बेंद्रे घरी मराठी बोलत आणि कविता कन्नडमध्ये लिहीत. 'नाकु तंति' या संग्रहासाठी त्यांना १९७३चा ज्ञानपीठ पुरस्कार मिळाला. त्यांनी मराठीतही लिहिलं. उलट दिशेनं गदगहून आलेले भीमसेन जोशी पुण्याचे झाले, ते अभंग गाऊनच.

सणावारी नव्या घराचं परकेपण सगळ्यात जास्त बोचतं आणि सगळ्यात लवकर निवळतंही सणांतच. आपला गुढीपाडवा तोच इथला उगादि. गुढी नसते, पण 'बेवु-बेल्ल' म्हणजे कडुनिंब आणि गूळ असतो. संक्रांतीला घरोघर 'एळ्ळु-बेल्ल' वाटतात आणि म्हणतात, तीळगूळ खाऊन चांगलं बोला. आपण गोड बोला म्हणतो, ते चांगलं बोला म्हणतात. हरतालिकेच्या वेळेला इथं गौरीहब्ब असतो आणि सवाष्णी एकमेकींना सुपातून वाण देतात, त्याला बागिन म्हणतात. पुरणपोळीला होळिगे किंवा ओब्बट्टु. कार्तिकातल्या शेवटच्या सोमवारी बसवनगुडीत कडलेकाई परिषे म्हणजे शेंगांची जत्रा भरते. मराठी बिऱ्हाडानं पहिल्या वर्षी या जत्रेला जायला विसरू नये. शेंगांचे ढीग आणि गर्दी बघून गावाकडच्या जत्रेची आठवण हमखास येते.

गांधीनगरातलं महाराष्ट्र मंडळ हे इथल्या मराठी माणसाचं जुनं ठिकाण. गणपती, नाटकं आणि मराठी पुस्तकं यांची भूक तिथं भागते. दूरच्या उपनगरांतही आता मराठी मंडळी एकत्र येऊन गणपती बसवतात. हे हवंच. मुलांच्या कानावर घराबाहेरही मराठी पडायला हवी, नाहीतर दुसऱ्या पिढीत ती इंग्रजीच्या रेट्यात वाहून जाते. कन्नडमुळं मराठी बुडाल्याचं उदाहरण इथल्या जुन्या वस्त्यांत दिसत नाही. पेटेतल्या भावसारांची मराठी कित्येक पिढ्या कन्नडच्या शेजारीच टिकली आहे. नव्या इमारतींत मात्र मुलांची मराठी आणि कन्नड दोन्ही एकदम सुटताना दिसतात आणि त्याची काळजी वाटते. मंडळाच्या कार्यक्रमाला इमारतीतल्या एखाद्या कन्नड कुटुंबालाही बोलवावं आणि त्यांच्या राज्योत्सवाला, १ नोव्हेंबरला, आपणही खाली उतरावं.

आणि लिपीला घाबरू नये. कन्नडची वर्णमाला ४९ अक्षरांची. तिची मांडणी आपलीच, क ख ग घ ङ, च छ ज झ ञ. बाराखडी पाठ असलेल्या माणसाला रोज पाच अक्षरं गिरवली तर दोन आठवड्यांत बसची पाटी वाचता येते. उत्तरेकडून आलेल्यांची जीभ 'ळ'शी अडते आणि ते 'बेंगलुरु' म्हणतात. मराठी माणसाच्या तोंडात तो ळ जन्मापासून आहे. या शहराचं नाव कन्नड माणूस जसं उच्चारतो तसंच, पहिल्या दिवसापासून, त्याला म्हणता येतं: बेंगळूरु. एवढं आधीच येत असेल, तर उरलेलं शिकायला या महिन्यापासूनच बसावं.